शून्य नंबरचा गुलाबी

तीन वाजता सर्व्हर बसतो. रोजचंच.
सातबारा, जातीचे दाखले, पीकविम्याच्या पावत्या
जिथल्या तिथे थांबतात.
मी खिडकीवर 'लिंक नाही' लटकवतो
आणि उघडतो
बत्तीस बाय बत्तीसचा माणूस.

स्क्रीनवर धानाच्या लोंबीएवढा.
आठशे टक्के मोठा केला की नुसत्या विटा:
नाकाला एक, डोळ्यांना दोन,
तोंडाला एकही नाही.
तोंडाशिवायच तो इतकी वर्षं
नाणी गोळा करत उड्या मारतोय.

दुर्वा, माझी भाची, चौथीतली,
खुर्चीच्या पाठीला लोंबकळून म्हणते,
"मामा, हा एवढा गोरा काहून हाय?
वावरात जात नाही का?"

आता गोरं करणं हा माझा धंदा.
पासपोर्ट फोटो, तीस रुपयांत आठ,
आणि सिंदेवाहीच्या या खिडकीत बसणारा प्रत्येक जण
पडद्यासमोर मान ताठ करून सांगतो,
थोडा उजळ कर बाबू.
मी करतो. स्लायडर उजवीकडे.
पण मूळ फाइल मी कधीच पुसत नाही.

ते फोल्डर उघडलं.
ड्रॉपर घेतला, पोलिओच्या डोसासारखा,
आणि एकेका चेहऱ्यावर टेकवत गेलो.
एका गालात तेरा रंग निघतात,
मला हे माहीत नव्हतं.
उन्हाची बाजू सोमाजी कोवेंच्या कपाळावरून घेतली.
मधला रंग दुर्वाचा.
सावली गिरजाबाई मांदाडेंच्या हनुवटीखालून,
जिथे फ्लॅश पोचला नव्हता.

पण पॅलेटमध्ये खाने सोळाच.
ज्याने बनवला त्याने काटकसर केलेली:
मानेची सावली आणि पायातले बूट
एकाच खान्यात.
सावली बदलली, बूटही बदलले.
पाहता पाहता तो अनवाणी झाला.
"असाच ठेव," दुर्वा म्हणाली.

गेम सुरू केला.
पहिल्या लेव्हलला ती हसत होती,
दुसरीला जीभ बाहेर काढून खेळत होती.
चौथ्या लेव्हलला पुलावरून तिघे आले,
लाल शर्टाचे, मारायचे असतात ते.
स्प्राइट तोच, फक्त शर्ट वेगळा.
मी हे विसरलो होतो
की कातडीचा खानाही तोच.

दुर्वाचं बोट स्पेसबारवर नुसतं टेकलेलं.
एक हृदय गेलं. दुसरं गेलं.
"दाब नं बे!"
तिसरंही गेलं.
"ओळखीचे वाटले ना मामा," ती म्हणाली,
"म्हून थांबली मी."

ते थांबले नव्हते.
त्यांना रंग दिसत नाही, फक्त अंतर दिसतं,
हे मी तिला सांगणार होतो.
सांगितलं नाही.

ती मात्र पॅलेटकडे बघत होती.
"हा गुलाबी कुठचा?"
तो शून्य नंबरचा. भडक,
तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीला फासतात तसला.
माणसाच्या चारी बाजूंनी भरलेला असतो,
गेममध्ये मात्र दिसत नाही.
जिथे माणूस संपतो तिथे तो असतो.
"मंग जाते कुठं?"
"कुठंच नाही. त्याच्यातून मागचं दिसते."

तिने माउस माझ्या हातातून घेतला.
नाकाखाली नेला, बराच वेळ नेम धरला,
आणि एकच वीट
गुलाबी केली.

आता त्याला तोंड आहे.
उडी मारली की तोंडात आभाळ,
भिंतीला लागून चालला की तोंडात भिंत.
पुलावर आला तेव्हा
त्यातून खालचं पाणी वाहताना दिसलं,
आणि समोरून ते तिघे,
बिनतोंडाचे.

खिडकीवर कुणीतरी नाण्याने टकटक केली.
"लिंक आली का हो?"

दुर्वा म्हणाली, "थांबा जरा.
अजून तिघं बाकी हायेत."